मच्छरदाणी घरोघर दिली, तरी गाव ऐकत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असा तपशील काढून):

२६ वर्षांची ही वाचक दोन वर्षांपासून आपल्याच गावात आरोग्य स्वयंसेविका आहे. पाऊस सुरू झाला की गावात हिवतापाचे पेशंट वाढतात. तिने घरोघरी औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या, सभा घेतल्या, पोस्टर लावले. तरी एका घरी मच्छरदाणी रोपांवर टाकलेली दिसली, दुसरीकडे पेटीत घडी करून ठेवलेली. ताप आला की लोक आधी इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरकडे जातात, रक्त तपासायला टाळाटाळ करतात, आणि गोळ्या दिल्या तर तिसऱ्या दिवशी बंद करतात. शेजारच्या आजी तिला म्हणाल्या, "डास चावून कुणी मरत नाही, आमचं आयुष्य गेलं." त्यांच्या नातवाला दुसऱ्यांदा ताप आला तेव्हा ती त्यांच्या सुनेवर चारचौघांत ओरडली आणि आता त्या घराशी बोलणं बंद आहे. ती लिहिते: "फुकट मिळतं म्हणून किंमत नाही. मच्छरदाणी न लावणाऱ्याला आणि गोळ्या सोडणाऱ्याला दंड, असा ठराव ग्रामसभेत आणायचा विचार आहे. आणू का? की हे काम सोडून देऊ?"

अगं,

वयाने माझ्या लेकीएवढी आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

काम सोडू नकोस, हे आधी सांगते. आणि ठराव आत्ता आणू नकोस. का ते सांगायला जरा वेळ लागेल कारण तुझ्या पत्रातल्या दोन-तीन गोष्टी तू खऱ्या धरून चालली आहेस आणि मला त्या तशा वाटत नाहीत.

पहिली, "इतकं समजावलं तरी कळत नाही" ही. मी स्वतः तरुण असताना मला हिवताप झाला होता. थंडी अशी भरली की दोन गोधड्या अंगावर असताना दात वाजत होते आणि पाण्याचा पेला ओठाला लावला की दातावर टकटक आपटत होता. रक्त तपासलं, व्हायवॅक्स, म्हणजे हिवतापाचा एक प्रकार, निघाला, १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी मला इतकं बरं वाटत होतं की मी गोळ्या बंद केल्या. शिकलेली होते, डॉक्टरने नीट सांगितलं होतं, मलाही सगळं कळलं होतं. दोन महिन्यांनी परत तीच थंडी, तोच पेला. म्हणजे मला माहिती कमी नव्हती, बरं वाटल्यावर रोज आठवणीने गोळी घ्यायला कारणच उरलं नव्हतं. गावातल्या लोकांचंही तेच होतंय, तू आणखी दहा पोस्टर लावलेस तरी ते तिसऱ्या दिवशीच थांबतील.

आणि हा आजारच असा आहे की अनुभवातून कुणी शिकूच शकत नाही. बघ ना, विस्तवाला हात लागला की लगेच भाजतं, लेकरू एकदाच हात लावतं. इथे डास आज रात्री चावतो आणि ताप यायला साधारण १० ते १५ दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. मधल्या काळात माणूस पावसात भिजलेला असतो, उन्हात राबलेला असतो, शिळंपाकं खाल्लेलं असतं. मग तो ताप कशाला चिकटवणार? भिजण्याला. त्यात शंभर डास चावले तरी हिवताप होईलच असं नाही, कारण चावणारी ॲनोफिलीस जातीची मादी असायला हवी आणि तिने १०-१४ दिवस आधी कुणातरी हिवतापाच्या पेशंटचं रक्त प्यायलेलं असायला हवं. हे साखळीचं गणित डोळ्यांना दिसत नाही. अगं, शास्त्रज्ञांनाही दिसत नव्हतं. हिवतापाचं मलेरिया हे नावच 'वाईट हवा' या अर्थाच्या इटालियन शब्दांवरून आलाय. लॅव्हरान या फ्रेंच डॉक्टरांना १८८० मध्ये रक्तात हिवतापाचा परजीवी, म्हणजे अंगात राहून जगणारा सूक्ष्म जीव, दिसला पण तो माणसात येतो कुठून हे कळायला रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरांना सिकंदराबादमध्ये २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटाची चिरफाड करून बघावं लागलं. मोठमोठे डॉक्टर हजारो वर्षं हवेला दोष देत होते, मग त्या आजींवर आपण चिडायचं का?

आजींचं "कुणी मरत नाही" हे वाक्य तुला फार लागलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२३ मध्ये जगात ५ लाख ९७ हजार माणसं हिवतापाने गेली आणि त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची पोरं होती. हा आकडा तू लक्षात ठेव पण आजींना सांगू नकोस, त्याने काही होणार नाही. त्यांनी आयुष्यात पन्नास ताप बघितले आणि पन्नासही उतरले, म्हणजे त्यांच्यापुरतं त्या खरंच बोलतायत. त्यांना एवढंच विचार की, "आजी, ताप आल्यावर पोरगं किती दिवस खात नाही, किती दिवस शाळा बुडते, सुनेचं किती दिवस काम बुडतं?" मरणाच्या भीतीपेक्षा ही रोजची झळ त्यांना जास्त ओळखीची आहे.

आता "फुकट मिळतं म्हणून किंमत नाही". हे इतके जण म्हणतात की ते खरंच वाटायला लागतं. पण केनियात हे मुद्दाम तपासून बघितलेलं आहे, गरोदर बायकांना काही दवाखान्यांत मच्छरदाणी फुकट दिली आणि काही ठिकाणी थोडे थोडे पैसे घेऊन. पैसे लावल्याबरोबर घेणाऱ्या बायका खूप कमी झाल्या, आणि फुकट मिळालेल्या बायका ती वापरण्यात काही मागे नव्हत्या. फुकट वाटणं ही तुझी चूक नाहीच. वाटल्यानंतर पुढे काय झालं ते कुणी विचारायला गेलं नाही, माझ्या मते गडबड तिथे आहे.

त्या रोपांवरच्या मच्छरदाणीचंच घे. ती हातात घेऊन बघितलीस का? जुनी, भोकं पडलेली, औषध संपलेली होती की नवी कोरी? कारण औषध लावलेली मच्छरदाणी साधारण तीन वर्षं किंवा वीसेक धुण्यांपर्यंत काम करते असं धरतात. घरात सगळ्यांना पुरेल इतक्या चांगल्या असतील आणि एक फाटकी रोपांवर गेली तर त्यात पाप काही नाही, फक्त ती नदी-तळ्यात टाकायची नाही आणि उघड्यावर जाळायची नाही. आणि नवी असेल तर मग बस आणि विचार, की का नाही लावत. विचार म्हणजे खरंच विचार, झाडाझडती नको.

मला जी उत्तरं ऐकायला मिळालीत ती सांगते. गुदमरतं, आत वारा लागत नाही. टांगायला खिळा नाही, भिंत कच्ची आहे, खिळा ठोकला की पोपडा पडतो. रोज रात्री बांधा, सकाळी सोडा, त्यात पहाटे कामाला जायची घाई. आम्ही बाहेर झोपतो. पहिल्या रात्री तोंडाची आग झाली. माणसं सहा, मच्छरदाणी एक. आणि एका बाईने मला हळूच सांगितलं होतं की पेटीत ठेवलीय ती लेकीच्या बाळंतपणासाठी, चांगली वस्तू आहे ना, वापरून खराब कशाला करू. ऐकलंस? ज्या घडी करून ठेवलेल्या मच्छरदाणीवर तू चिडलीस तीत बेपर्वाई नसेलही, ती जीवापाड जपलेली वस्तू असू शकते.

यातल्या एकेकाला उपाय आहे आणि तो भाषणाचा नाही, हाताचा आहे. आग होते कारण नव्या मच्छरदाणीत औषध ताजं असतं, पाकिटातून काढून एक दिवस सावलीत वाऱ्यावर टांगून ठेवली की त्रास जातो, उन्हात मात्र नाही, उन्हाने औषध उडतं. धुवायची ती साध्या साबणाने, आणि वाळवायची पण सावलीत. बाहेर झोपणाऱ्यांच्या बाजेच्या चार पायांना चार काठ्या बांधून वर मच्छरदाणी टांगता येते. खिळ्याचं काम तू हातोडी घेऊन स्वतः कर, किंवा गल्लीतल्या पोरांना सोबत घे, एका दुपारी दहा घरांत दोऱ्या बांधून होतात. दिवसा सोडायची नाही, गुंडाळून वर खोचून ठेवायची, म्हणजे रात्री फक्त खाली ओढायची. उकाड्यावर मात्र खरं सांगते, पूर्ण उपाय नाही, आत उकडतं हे मान्यच कर. आपण त्रास मान्य केला की समोरचा माणूस पुढचं ऐकतो. घरात एकच असेल तर आत कोण झोपतं हे विचार, आणि गरोदर बाई आणि पाच वर्षांखालचं मूल आधी, हे घरातल्या मोठ्या माणसासमोर बोल. सुनेला एकटीला सांगून काय होणार, ठरवतं कोण त्या घरात?

आणि मच्छरदाणी हिवतापासाठी लावा असं म्हणूच नकोस. शांत झोप लागते, डास कानाशी गुणगुणत नाहीत, पोरगं रात्री रडत नाही, असं म्हण. ते आज रात्रीच अनुभवाला येतं, हिवताप न होणं कुणालाच अनुभवाला येत नाही. फक्त एक जपून सांग, गुणगुण कमी झाली की लोक मच्छरदाणी काढतात, पण संध्याकाळ ते पहाट या वेळात थोड्या ॲनोफिलीस माद्यासुद्धा पुरतात.

आता गोळ्यांकडे येते, कारण मला विचारशील तर तुझी खरी लढाई मच्छरदाणीपेक्षा इथे आहे. ज्याच्या रक्तात परजीवी आहे तो बरा झाला तर डासाला न्यायला काही उरतच नाही. म्हणून ताप आला की २४ तासांत रक्त तपासणं, हे एक जरी गावात रुजलं तरी तू जिंकलीस.

लोक तपासणी का टाळतात? बोट टोचायची भीती हे थोडंसं कारण. मोठं कारण म्हणजे बहुतेक ताप हिवतापाचे नसतातच, तपासणी निगेटिव्ह येते आणि मग आपण म्हणतो, काही नाही, जा घरी. त्या माणसाला तर १०२ ताप असतो! त्याला वाटतं आपल्याला हाकललं. मग तो इंजेक्शनवाल्याकडे नाही जाणार तर कुठे जाईल? निगेटिव्ह आलं तरी तिथेच दोन मिनिटं बस, ताप उतरायची साधी गोळी, पाणी, आणि उद्या मी बघायला येते, ताप राहिला तर परत तपासू किंवा दवाखान्यात जाऊ, एवढं बोल आणि खरंच जा. पॉझिटिव्ह आलं तर तपासणीच्या पट्टीवरची रेघ त्याला दाखव, घरच्यांना पण दाखव. आणि आधीच सांगून ठेव की फॅल्सिपेरम, म्हणजे हिवतापाचा दुसरा प्रकार, असेल तर पट्टीवर औषध पूर्ण घेतल्यावरही काही आठवडे रेघ येऊ शकते, नाहीतर पंधरा दिवसांनी कुणीतरी परत तपासेल आणि गावभर होईल की औषध खोटं आहे.

गोळ्या सोडणाऱ्यांना "का सोडल्या" असं विचारण्याआधी "कशा घेतल्या" विचार. प्रायमाक्विन, म्हणजे व्हायवॅक्सची ती १४ दिवसांची गोळी, रिकाम्या पोटी घेतली की पोटात कळ येते, मळमळतं, आणि माणूस कुणाला न सांगता बंद करतो. जेवणावर घ्यायची, एवढी एकच गोष्ट सांगितली तर कितीतरी जण टिकतात. आणि दोन तापांतला फरक साध्या भाषेत सांग. फॅल्सिपेरम आहे तो जीवावर उठणारा, त्याचं मुख्य औषध तीन दिवसांचं, तिसऱ्या दिवशीही पूर्ण घ्यायचं. व्हायवॅक्स आहे तो लबाड, रक्तातला मेला तरी त्याची काही पिल्लं लिव्हरमध्ये झोपून राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात, त्या झोपलेल्यांना मारायला म्हणून नेहमीच्या पद्धतीत १४ दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरने वेगळं सांगितलं असेल तर तसं. शेजारच्या त्या नातवाला दुसऱ्यांदा ताप आला तो असा आतून उठलेला असू शकतो किंवा नवा डास चावलेला असू शकतो, तू सुनेला दोष दिलास तेव्हा तुलाही ते माहीत नव्हतं ना?

याच गोळीबद्दल एक गोष्ट तू कधीच विसरायची नाहीस. गरोदर बाईला आणि वर्षाखालच्या बाळाला प्रायमाक्विन द्यायची नसते, अंगावर पाजणाऱ्या आईलाही डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. काही लोकांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात. तपासणीची सोय असेल तर आधी करून घ्यावी. आणि गोळ्या सुरू असताना लघवी काळपट-तपकिरी झाली, डोळे पिवळे दिसले, खूप थकवा आला तर गोळी बंद आणि लगेच दवाखाना. हे आधी सांगितल्याने लोक घाबरून गोळ्या घेणार नाहीत असं वाटेल तुला, पण एकाला जरी त्रास झाला आणि तू सांगितलं नव्हतंस, तर पुढची पाच वर्षं त्या गावात कुणी गोळी घेणार नाही.

रोज गोळी गिळताना बघायला कुणीतरी हवं, ते तूच असायला पाहिजे असं काही नाही. घरातली दहा-बारा वर्षांची मुलगी, शेजारीण, जो कोण विसरत नाही तो. कॅलेंडरवर १४ फुल्या मारायला द्या तिच्याकडे.

इंजेक्शनवाल्या डॉक्टरवर तुझा राग आहे. माझाही असतो. तापाच्या इंजेक्शनने ताप खाली येतो आणि परजीवी तसेच राहतात, आणि त्या दोन-तीन दिवसांत फॅल्सिपेरम डोक्यापर्यंत पोचू शकतो. पण तो रात्री दहाला दार उघडतो, हे खरंय की नाही? लोक म्हणूनच जातात. त्याच्याशी भांडून तू हरशील. त्याच्याकडे जा, नीट बोल, सांग की तापाचा पेशंट आला की सुई देण्याआधी रक्ताची तपासणी होऊ दे, मी किट घेऊन येते नाहीतर पेशंटला माझ्याकडे पाठवा. सगळे ऐकत नाहीत. एखादा ऐकतो, आणि तो ऐकला की अर्धं गाव ऐकतं. आणि गावाला हेही सांग की खरंच इंजेक्शन लागणारा हिवताप असतो, पण तो दवाखान्यात: शुद्ध हरपणं, झटके, पिता न येणं, सगळं उलटून पडणं, जोरात धाप, डोळे पिवळे. यातलं एक जरी दिसलं तर गावात थांबायचं नाही, रात्र असो की पाऊस.

आता दंड. विचार कर, दंड लागला तर मच्छरदाणी लावतील का? तू येणार म्हटल्यावर टांगतील आणि गेल्यावर काढतील. गोळ्या सोडल्याचा दंड म्हटल्यावर लोक गोळ्या घेतल्या असं सांगतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे ताप लपवतील. हिवताप हटवायचा तर ताप आलेल्या माणसाने आपणहून पुढे यावं लागतं, सगळा डोलारा त्यावर उभा आहे. चीनला २०२१ मध्ये हिवतापमुक्त जाहीर केलं, तिथली पद्धत अशी होती की पेशंट सापडला की एका दिवसात कळवायचं, तीन दिवसांत चौकशी, सात दिवसांत त्या भागात बंदोबस्त. ही घड्याळाची टिकटिक पेशंट समोर आल्यावरच सुरू होते. घाबरलेला माणूस समोर येत नाही. ग्रामसभेत ठराव आणायचाच असेल तर लोकांवर नको, गावाच्या जबाबदारीवर आण: साचलेले खड्डे दर आठवड्याला कोण बुजवणार, फवारणीला कोणत्या दिवशी घरं रिकामी ठेवायची, फवारलेली भिंत पुढचे काही महिने सारवायची-रंगवायची नाही, रात्री पेशंट न्यायला गाडी कुणाची.

पाण्यावरून आठवलं, आठवडा का म्हणतात ते लोकांना दाखव, सांगू नकोस. खड्ड्यातलं पाणी काचेच्या बरणीत घे आणि तोंडाला घट्ट कापड बांध. ॲनोफिलीसच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडव्या पडून असतात, बाकीच्या डासांच्या बहुतेक डोकं खाली करून लटकतात, पोरांना हे ओळखायला फार आवडतं. आठ-दहा दिवसांत त्याच बरणीत डास उडताना दिसतात. कापड सोडायचं नाही, बरणी तशीच उकळत्या पाण्यात. मी हे एका ओट्यावर केलं होतं, चार दिवस कुणी लक्ष दिलं नाही आणि नवव्या दिवशी सकाळी एक म्हातारे गृहस्थ बरणी हातात घेऊन अर्धा तास बसले होते. काही बोलले नाहीत. दुपारी घरामागचा खड्डा बुजवलेला दिसला.

एक इशारा, तू यशस्वी होशील तेव्हासाठी. श्रीलंकेत १९६३ मध्ये हिवतापाचे फक्त १७ पेशंट उरले होते. सगळ्यांना वाटलं झालं, काम ढिलं पडलं, आणि त्याच दशकाच्या शेवटी तिथे लाखो लोक परत तापाने फणफणले. पुढे नेटाने काम करून २०१६ मध्ये त्यांना हिवतापमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. म्हणून गावात पेशंट कमी झाले की तपासण्या कमी करू नकोस, तेव्हाच लोक आणि वरचे अधिकारी दोघं म्हणतील, आता कशाला.

सगळं गाव एकदम नको घेऊस. दहा घरं घे, एक पावसाळा. वहीत दोनच गोष्टी लिही, ताप आल्यावर किती तासांनी तपासणी झाली आणि किती जणांनी गोळ्या संपवल्या. मच्छरदाण्या किती वाटल्या हा रकाना वरच्यांना दे, स्वतःसाठी ठेवू नकोस.

आणि त्या दहा घरांत पहिलं घर शेजारच्या आजींचं. जाताना वही नको, पोस्टर नको. सुनेला म्हण, मी चारचौघांत ओरडले ते चुकलं. मग नातवाला जवळ घे, ताप कधी आला होता, गोळ्या कशा खाल्ल्या, पोटात दुखायचं का, विचार. आजी मध्ये बोलतील, बोलू दे. रात्री पोरगं कुठे झोपतं ते बघ, आणि तिथे वर दोरी बांधायला जागा आहे का तेही बघून ठेव.